हाताला ठाऊक असलेलं

अंबरनाथ पश्चिम
रविवार, १२ जानेवारी २०२५

आदरणीय भिमाआक्का,

संध्याचा सप्रेम जय भीम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुमचे गुडघे थंडीत कसे आहेत? दिवाळीत आमचा आकाश पुण्याहून तुमच्याकडे येऊन गेला, तेव्हा त्याच्याबरोबर तुम्ही तांदूळ पाठवलेत. भावासाठी पाठवलेत हे मला कळतं, पण भात एकाच कुकरमध्ये होतो, त्यामुळे मीही तोच खाते. चांगला आहे, मोकळा होतो.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचं आहे ते दुसऱ्याच्या तोंडून तुमच्यापर्यंत जायला नको, म्हणून पत्र. तुम्ही चौथी शिकलात, अक्षर लावून वाचता. मी मोठं आणि सुटं लिहिते. शेजारच्या विठाकडून वाचून घेऊ नका. बाई चांगली आहे, पण तिला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत धरणाच्या पलीकडे पोचतं.

हॉस्पिटलात आपलं झालं त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. ते आज उकरत नाही. आज मला तुमच्या भावाबद्दल एक विचारायचं आहे. तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत, म्हणून तुम्हालाच विचारते.

तुमचा सुदाम लहानपणी सोंग करायचा का?

शाळा बुडवायला पोट दुखतंय म्हणणं, तसलं नाही. तसं सगळीच पोरं करतात. दिवसच्या दिवस, कोणाला पत्ता लागू न देता सोंग धरून ठेवायचा का?

रागावू नका. का विचारते ते सांगते.

ऑगस्टात न्हाणीघरात गॅसच्या गिझरचा वायू कोंडला आणि हे बेशुद्ध पडले. डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं, की जीव वाचला, पण मेंदूचा आठवणी साठवणारा भाग दुखावलाय. जुनं बरंचसं राहील, नवीन टिकणार नाही. तसंच झालंय. तुम्ही, वाडी, आमचं लग्न, कारखान्यात पहिल्यांदा हाताळलेली लेथ, सगळं आठवतं. सकाळी काय खाल्लं ते मात्र दहा वाजता आठवत नाही. मी उल्हासनगरच्या जीन्सच्या युनिटमध्ये आता अर्धाच दिवस जाते, तेवढा वेळ शेजारच्या वेणूबाई ह्यांच्याजवळ बसतात. मी घरी आले की विचारतात, "तुला आज सुट्टी होती का?" मग विचारतात, "मी कामावर का जात नाही?" मी सांगते. चेहरा पडतो. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तसाच पडलेला चेहरा.

सुरुवातीला माझा विश्वास होता. आता राहिलेला नाही.

पहिली गोष्ट कडीची. न्हाणीची आतली कडी आम्ही काढून टाकली आणि बाहेरून नवी बसवली, हे एकटे आत जाऊ नयेत म्हणून. जरा अवघड कडी आहे. आधी वर उचलायची, मग डावीकडे दाबून ओढायची. वेणूबाईंना अजून जमत नाही. ही कडी ऑक्टोबरात बसवली, म्हणजे आजारानंतर. हे रोज तिच्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "संध्या, ही कडी कधी बसवलीस? मला बोलली नाहीस." आणि असं बोलता बोलता हात वर जातो, कडी उचलतो, दाबतो, ओढतो. दार उघडं. एकदाही अडकत नाही. सुरुवातीला अडकायचे, मी बघितलंय. मला सांगा, जी कडी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय ती माणूस न बघता कशी उघडेल?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट आहे. उल्हासनगरच्या कॅम्प चारला एक थेरपी सेंटर आहे, तिथे आठवड्यातून तीनदा नेते. जिज्ञासा नावाची मुलगी आहे, हसरी, आकाशच्या वयाची. ती ह्यांच्याकडून एक खेळ करून घेते. कागदावर चांदणी छापलेली असते, आत एक रेघ, बाहेर एक. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पण हात पुठ्ठ्याआड, आणि बघायचं आरशात. आरशात सगळं उलटं. मी करून बघितलं तर पेन्सिल एका जागी थरथरत राहिली, हात पुढे जाईना. पहिल्या दिवशी ह्यांचंही तसंच झालं. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, "काका, हे केलंय का कधी?" हे म्हणाले, "नाही बाई, हे काय नवीन?" आणि आदल्या खेपेपेक्षा चांगलं काढलं. आठव्या खेपेला पूर्ण चांदणी काढली, एकदाही रेघ न ओलांडता. मग हसून म्हणाले, "मला वाटलं अवघड असेल."

जिज्ञासाने टाळ्या वाजवल्या. मी तो कागद घेऊन रेघ कुठे ओलांडलीय ते शोधत बसले.

तुम्हाला आठवत असेल, आमच्या लग्नानंतर पहिल्या जयंतीला वस्तीत नाटक बसवलं होतं. ह्यांना मेलेल्या मजुराचं काम होतं. वीस मिनिटं स्टेजवर पडून होते. तोंडावर डास बसत होते, पण पापणी हलली नाही. शेवटी तुम्हीच पहिल्या रांगेतून उठून स्टेजवर चढलात, बघायला, तेव्हा कुठे हसले. त्या माणसाला सोंग जमत नाही असं मला कोणी सांगू नये.

सोंग कशासाठी करतील, असं तुम्ही विचाराल. कधी कधी मी भाजी निवडत असते आणि हे खाटेवरून माझ्याकडे बघत असतात. मी मान वर केली की नजर काढून घेतात.

उत्तर पाठवा. आणि मी हॉस्पिटलात सांगितलं तेच खरं आहे, ह्यांना लगेच बाहेर काढलं होतं, पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती. तुम्ही आता विचारलं नाहीत, तरी लिहून ठेवते.

तुमची
संध्या


अंबरनाथ पश्चिम
सोमवार, ३ फेब्रुवारी

आदरणीय भिमाआक्का,

जय भीम. तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी, पण तुमच्या हातच्या. 'सुदामला सोंग जमतं, पण माझ्यासमोर कधी टिकलं नाही, मला बघून त्याला हसू फुटायचं. त्याला माझ्याकडं पाठव, मी सांगते.' एवढंच. मला कशी आहेस असं विचारलेलं नाही, पण माझी तशी अपेक्षाही नव्हती.

त्यांना पाठवायचं का, हा विचार मी करतेय. कदाचित पाठवीनही. आता माझ्याकडे पुरावा आहे.

सकाळी खाटेवरून उठताना ह्यांना आधार लागतो, डावा पाय जरा ओढला जातो. मी हात पुढे करते, हे धरतात, मी ओढते. पाच महिने रोज असंच चाललं होतं. गेल्या मंगळवारी मी कामावरची एक टाचणी दोन बोटांच्या मधे धरली आणि हात पुढे केला.

हो, मुद्दाम. तुम्ही वाचताना इथे थांबला असाल. वाचा पुढे.

टाचणी चांगलीच टोचली. ह्यांनी हात झटकला. "काय होतं ते?" मी म्हणाले, "बांगडी पिचली असेल." तळव्यावर रक्ताचा थेंब आला. मी पुसला, चहा दिला. चहा संपायच्या आत हे तळवा न्याहाळून विचारतात, "हे काय लागलंय मला?" टोचल्याचं काही नाव नाही, माझ्यावर राग नाही. त्या वेळी मला वाटलं, अरेरे, खरंच आठवत नाही, आपण काय करून बसलो.

बुधवारी सकाळी मी हात पुढे केला. मोकळा हात, आत काही नाही. ह्यांनी आपला हात पुढे आणला आणि अर्ध्यावरून मागे घेतला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. उठतो मी माझा."

"रोज धरता की."

"नको वाटतं."

"का नको वाटतं?"

"काय माहीत. असंच."

गुरुवारी तेच, शुक्रवारीही तेच. वेणूबाईंचा हात धरला, त्यांच्या मुलाचा, जनूचा धरला, माझा नाही. आक्का, मग मला राहवलं नाही. मी दार लावून घेतलं आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, "टाचणी आठवते ना? मग तो रविवारही आठवतो. सगळं आठवतं तुम्हाला. बोला. काय ऐकू आलं होतं तुम्हाला आतून?"

हे भिंतीला टेकले. लहान मुलासारखे घाबरले होते. म्हणाले, "कुठून आतून? संध्या, मी काय केलं?"

चांगलं वठवलं त्यांनी.

तुम्ही त्यांना घेऊन जा. तुमच्यासमोर टिकणार नाही म्हणता, तर बघाच.


बुधवार, ५ फेब्रुवारी

वरचं लिहून ठेवलं होतं, पोस्टात टाकलं नाही. बरं झालं की वाईट, कळत नाही. फाडणार होते. पण तसंच ठेवते आणि पुढे लिहिते.

काल थेरपीला गेलो. जिज्ञासाने ह्यांच्या तळव्यावरची खपली बघितली, विचारलं. मी सांगून टाकलं, जवळजवळ तोऱ्यात, की बघ कसं पकडलं. ती हसरी मुलगी हसायची थांबली. ह्यांना बाहेर बाकावर बसवून आली आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही मशीनवर आहात ना?"

"एकोणीस वर्षं. ओव्हरलॉक, कापडाच्या कडा शिवायचं."

"ओव्हरलॉकमध्ये दोरे कसे भरता ते सांगा. तोंडाने. हात मांडीवर ठेवून."

मी सुरू केलं. पहिला दोरा वरच्या भोकातून, मग चकतीमधून, मग खाली, मग. मग पुढे येईना. आणि बघते तर माझा उजवा हात मांडीवरून उठून हवेत दोरा ओवत होता. बोटं बरोबर चालली होती. मी त्यांच्याकडे बघून तोंडाने सांगायला लागले तेव्हा जमलं.

ती म्हणाली, "झालेल्या गोष्टी एका ठिकाणी राहतात आणि हाताने शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी, मेंदूत मागे आणि आत खोल. वायूने काकांचं पहिलं ठिकाण जाळलं. दुसरं शाबूत आहे. चांदणी काढल्याचं त्यांना खरंच माहीत नसतं. हाताला माहीत असतं. कडीचं तसंच."

"आणि टाचणी?"

"तेही अंगालाच लागलंय. कोणी टोचलं, कधी टोचलं, काही माहीत नाही. तुमचा हात पुढे आला की त्यांच्या अंगाला नको वाटतं, एवढंच. ते खरंच बोलले, काकू. 'असंच' म्हणाले ना? तेवढंच त्यांच्याकडे आहे."

मी म्हटलं, म्हणजे ह्यांना माझा राग आहे आणि का आहे ते ठाऊक नाही?

मग मी विचारलं, हे पुसता येईल का. ती म्हणाली, "पुसलं जात नाही. त्याच्यावर दुसरं बसवावं लागतं. रोज मोकळा हात पुढे करायचा. धरला नाही तरी करायचा. एकदा टोचलेल्यावर नवं बसवायला कितीदा करावं लागेल, सांगता येत नाही."

निघताना तिने दारात थांबवून विचारलं, "काकू, काका सोंग करतायत असं तुम्हाला का वाटत होतं? इतके महिने, एवढं पक्कं?"

मी म्हटलं, गाडीची वेळ झाली.

तूर्त त्यांना पाठवत नाही. का, ते पुढच्या वेळी लिहीन.

संध्या


अंबरनाथ पश्चिम
रविवार, २ मार्च

आदरणीय भिमाआक्का,

जय भीम. तुमचं उत्तर आलेलं नाही. टाचणीचं वाचून आलं नसणार. हे पत्र आधीच्या दोन्हींपेक्षा अवघड आहे, म्हणून सरळच लिहिते.

ऑगस्टातला तो शनिवार. हे जेवताना म्हणाले, "आक्काला इथे आणू या. कानाने गेली, एकटी कशी राहणार वाडीवर? आईच्या माघारी तिने मला वाढवलं. माझं ठरलंय." मला विचारलं नव्हतं, सांगितलं. दोन खोल्या, माझं काम, तुमचा स्वभाव कडक, माझाही. मी म्हणाले, त्या आल्या तर मी पुण्याला आकाशकडे जाते. ते म्हणाले, जा. हे तुम्हाला माहीत नाही, आक्का. भावाने कधी बोलावलं नाही, असं तुम्ही आकाशला म्हणालात. त्याने बोलावलं होतं. मी येऊ दिलं नाही.

रविवारी सकाळी पुन्हा तेच भांडण. तुम्हाला हेही माहीत नसेल की भांडण अंगाशी आलं की हे छातीला हात लावून खाली बसायचे. दोनदा तसं केलं होतं. एकदा मी वस्तीतल्या डॉक्टरला घेऊन आले आणि हे त्याच्यासमोर हसत उठले. त्या रविवारी म्हणाले, "डोकं धरलंय माझं," आणि टॉवेल घेऊन न्हाणीत गेले. आतून कडी लावली. खिडकीला त्यांनीच पावसाचं प्लास्टिक मारलं होतं. गिझर चालू झाल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने आत धप्पकन काहीतरी पडलं. बादलीही घरंगळली.

मी दारापाशी गेले. आत फक्त पाण्याचा आवाज. मी दाराला तोंड लावून म्हणाले, "पुरे झालं सोंग." आणि परत येऊन मेथी निवडायला बसले.

समोर घड्याळ होतं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. मेथीच्या दोन जुड्या होत्या. दुसरी अर्धी झाली तेव्हा मनात आलं की एवढा वेळ गिझर चालू आहे, सिलिंडर संपवतील. असा विचार केला मी. नऊ पस्तीसला उठले. हाका मारल्या, दार बडवलं, मग जनूला बोलावलं. त्याने पहार घालून कडी उचकटली. आतली कडी खराब झाली म्हणून काढली, असं मी सगळ्यांना सांगते.

पंचवीस मिनिटं. हॉस्पिटलात तुम्ही माझा दंड धरून विचारलंत, "किती वेळ आत होता?" आणि मी म्हणाले पाच मिनिटंसुद्धा नाही. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत. त्यानंतर बोलला नाहीत.

ह्यांनी सोंग करावं, असं मलाच वाटत होतं, आक्का. सोंग असतं तर ते तेव्हाही सोंगच असतं. मग मेथी निवडत बसले त्यात माझं काही चुकलं नसतं. जिज्ञासाने दारात विचारलं त्याचं हे उत्तर आहे. तिला अजून दिलेलं नाही.

ह्यांना मात्र सांगितलं. तीनदा.

पहिल्यांदा गेल्या महिन्यात, स्टेशनजवळच्या बागेत बसलो होतो तेव्हा. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मीच आधी सोंगं केलेली, तू तरी काय करणार." माझ्या पाठीवर हात ठेवला. मी रडले, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. घरी येईपर्यंत हे विसरून गेले होते. दारात विचारलं, "तुझे डोळे का सुजलेत?"

मला आधी बरं वाटलं. माफी मिळाली आणि माझं केलेलं कुठे राहिलंही नाही. रात्री भांडी घासताना लाज वाटायला लागली. ज्या माणसाला उद्या आठवणार नाही त्याच्याकडून माफी घेतली, ती कसली माफी?

म्हणून चार दिवसांनी पुन्हा सांगितलं. तेच शब्द, तोच माणूस. त्या वेळी ताट भिंतीवर फेकलं. "पंचवीस मिनिटं? मेथी?" म्हणाले. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने तेही गेलं, आणि भिंतीवरची आमटी बघून मलाच विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हटलं, माझ्या हातून सांडली. पुसून घेतली.

आक्का, दोन्ही उत्तरं त्यांचीच आहेत. कुठलं खरं मानू?

तिसऱ्यांदा परवा सांगितलं. त्या वेळी रागावले नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. एवढंच विचारलं, "आक्काला माहीत आहे?"

"नाही."

"आकाशला?"

"नाही."

जिज्ञासाने त्यांच्या खिशात एक कार्ड ठेवलंय, 'मला नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत' असं लिहिलेलं. ते काढून त्यांनी वाचलं, परत खिशात ठेवलं आणि म्हणाले, "मग आक्काला सांग. मला सांगून काय उपयोग, मी विसरणार. ती विसरणार नाही."

म्हणून लिहिलं.

हाताचं सांगते. सव्वीस दिवस झाले, रोज सकाळी मोकळा हात पुढे करते आणि थांबते. पहिले दोन आठवडे धरलाच नाही. आता धरतात. पण धरायच्या आधी अंगठा माझ्या तळव्यावरून फिरवतात, बोटांच्या बेचक्यांतून, एकेका. मग धरतात. का तसं करता, असं विचारलं तर म्हणतात, "काय करतो?" त्यांना माहीतच नाही. जिज्ञासा म्हणते, कदाचित हे कायमचं राहील. राहू दे.

आता तुम्ही ठरवा. त्यांना वाडीवर न्यायचं असेल तर आकाश गाडी करून सोडेल, मी मधे येणार नाही. तुम्ही इथे येणार असाल तर आतली खोली तुमची. पोलिसात जायचं म्हणालात तरी मी तुमच्यामागून येऊन हेच सांगेन. फक्त गप्प राहू नका. तुमच्या गप्प राहण्यात मी सात महिने लपून बसले होते.

आकाशला अजून सांगितलेलं नाही. तुमच्या उत्तराआधी सांगायचं की नंतर, ते ठरत नाही.

तुम्ही अजून मानत असाल तर तुमची भावजय,
संध्या


तारीक १४ मार्च

संध्याला,

जय भीम.

तुजं पत्र पोचलं. कोनाकडून वाचून घेतलं नाही. पैल्यांदा वाचलं आनि चुलीत घालाया उठले. मग बसले आनि परत वाचलं.

दवाखान्यात तू माज्याकडं बगत नव्हतीस, तवाच मला कळलं व्हतं तू लपवतेस. किती लपवतेस ते कळलं नव्हतं.

सुदामनं मला बोलावलं व्हतं हे मला म्हाईत नव्हतं. मला वाटायचं बायको आली, पोरगा झाला, बहीन संपली. त्याच्या आजारात बी मी मनातून त्याच्यावर रुसलेली व्हते. ते माजं मी बगीन.

मी येते. जयंतीच्या आधी. कोंबड्या विठाला देते, घराला कुलूप घालते. आकाशला म्हनावं गाडी वाडीपरेंत आन, सडकेपरेंत चालवत नाही. पन त्याच्या आधी त्याला सगळं सांग. तू सांग. मी तुज्या वाटचं सांगनार नाही.

मी आले म्हनजे मिटलं असं धरू नको. तू दोनदा खोटं बोललीस, आता खरं बोलतेस का ते मी कसं मानू? मी बगनार हाय. त्याला काय वाढतेस, कसं बोलतेस, तो नसताना काय करतेस, सगळं. कान गेले पन डोळं हायत.

माफीचं लिवत नाही. तोंडात आलं तर बोलीन. नाही आलं तर नाही.

सुदामला सांग आक्का येते. इसरला की परत सांग. रोज सांग.

सुदामची बहीन
भिमा